मुंबई–लंडन : थांब्यांचा हिशेब

लंडनच्या तिकिटावर छापलेल्या वेळा पाहून पहिल्यांदा परदेशी निघालेला माणूस चक्रावतो. समजा, हिवाळ्यात मुंबईहून रात्री २ वाजता विमान सुटतं आणि त्याच दिवशी सकाळी ६.३० वाजता लंडनला उतरतं. म्हणजे साडेचार तास? पुण्याहून कोल्हापूरला जायला लागतात तेवढेच? येतानाचं तिकीट त्याहून विचित्र दिसतं. सकाळी ९.३०ला निघायचं आणि मुंबईत पोहोचायचं रात्री ११.४५ला. हे झाले सव्वाचौदा तास.

घड्याळांतला फरक लावला की आकडे ताळ्यावर येतात. हिवाळ्यात लंडन आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असतं, उन्हाळ्यात साडेचार. त्या हिशेबाने जाताना १० तास, येताना पावणेनऊ. पण मग दुसरा प्रश्न उभा राहतो. अंतर तेच, विमानही बहुधा तेच, तरी जाताना सव्वा तास जास्त का? आणि विमान ताशी ९०० किलोमीटरने उडत असेल, तर ७,२०० किलोमीटरला आठच तास लागायला हवेत. वरचा वेळ जातो कुठे?

ज्यांच्या घरातलं कोणी ना कोणी तिकडे आहे, अशा कुटुंबांना हा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नाही. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचं आहे. तेव्हापासून आजवर दोन शहरांमधलं अंतर तसूभरही बदललेलं नाही. बदलला तो वेळ. तो कशामुळे बदलला, याचा मागोवा घेत गेलो तेव्हा एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली: वेळ जितका वेगाने वाचवला, तितकाच किंबहुना त्याहून अधिक तो वाटेतले थांबे गेल्यामुळे वाचला.

आधी अंतराबद्दल. मुंबई ते लंडनचा हीथ्रो विमानतळ हे सरळ अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. ‘सरळ’ म्हणजे भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून आखलेलं नव्हे. घरात पृथ्वीचा गोल असेल तर मुंबईवर दोऱ्याचं एक टोक धरा, दुसरं लंडनवर, आणि दोरा ताणा. तो ज्या रेषेवर बसेल तो सर्वांत जवळचा मार्ग. लंडनच्या बाबतीत नकाशा आणि गोल यांच्यातली तफावत फार जाणवत नाही. तेच टोक न्यूयॉर्कवर ठेवा. नकाशावर पाहता वाटतं की विमान मुंबईहून पश्चिमेला अरबी समुद्र, आफ्रिका, अटलांटिक असं जाईल. दोरा मात्र मुंबईतून थेट उत्तर-वायव्येला निघतो, मध्य आशिया आणि रशियावरून स्कँडिनेव्हियात चढतो आणि कॅनडाच्या बाजूने खाली न्यूयॉर्कला उतरतो. हे अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर. शाळेतल्या भूगोलात गोलावर असा दोरा एकदा तरी ताणून दाखवायला हवा. पृथ्वी गोल आहे हे मुलांना पाठ असतं, पण पाहिलेलं फार थोड्यांनी असतं.

आता वेळाकडे.

शिडाच्या जहाजांच्या काळात मुंबईहून इंग्लंडला जायचं तर आफ्रिकेला पूर्ण वळसा घालावा लागे. त्याला चार-पाच महिने सहज लागत, वारा रुसला तर त्याहून जास्त. केप ऑफ गुड होपवरून हे अंतर भरतं सुमारे १९,८०० किलोमीटर, म्हणजे आजच्या हवाई अंतराच्या पावणेतीन पट. हे अंतर कमी करण्याचा पहिला धाडसी प्रयत्न मुंबईतूनच झाला. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या कारागिरीतून तयार झालेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट २० मार्च १८३० रोजी निघाली आणि २२ एप्रिलला सुएझला पोहोचली. तिथून पुढे डाक जमिनीवरून अलेक्झांड्रियाला आणि मग भूमध्य समुद्रातून युरोपात.

या सफरीचा तपशील लक्षात ठेवण्याजोगा आहे. बोट ४११ टनांची, आणि एडनपर्यंत पुरेल एवढा कोळसा न्यायचा म्हणून मिळेल त्या जागेत तो कोंबलेला. एडनला पोहोचेपर्यंत कोळसा जवळपास संपत आला होता. सुएझला जायला लागलेल्या तेहेतीस दिवसांपैकी बारा-एक दिवस वाटेतल्या बंदरांत कोळसा चढवण्यात गेले. यंत्र वाऱ्याची वाट पाहत नव्हतं, पण त्याला खायला घालण्यासाठी थांबावं लागत होतं. प्रवासाच्या एक तृतीयांशाहून जास्त वेळ बोट नांगर टाकून उभी होती. पुढच्या दोनशे वर्षांची गोष्ट या एका सफरीत आहे.

१७ नोव्हेंबर १८६९ रोजी सुएझ कालवा खुला झाला आणि समुद्रमार्ग सुमारे ११,६०० किलोमीटरवर आला. ज्यूल व्हर्नच्या ऐंशी दिवसांत जगप्रदक्षिणा करणाऱ्या नायकाच्या वेळापत्रकात लंडन ते सुएझ सात दिवस आणि सुएझ ते मुंबई तेरा, असा वीस दिवसांचा हिशेब आहे. कादंबरी १८७३ची, आणि हिशेब त्या काळच्या डाकबोटींना धरूनच केलेला.

प्रत्यक्षातले दाखले आपल्याच इतिहासात आहेत. मोहनदास गांधी हा अठरा वर्षांचा विद्यार्थी ४ सप्टेंबर १८८८ रोजी मुंबईहून ‘क्लाइड’ बोटीने निघाला आणि एडन, सुएझ, ब्रिंडिसी, माल्टा करत सप्टेंबरच्या अखेरीस लंडनला पोहोचला. तीन आठवड्यांहून जास्त. तेच गांधी त्रेचाळीस वर्षांनी दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी ‘राजपुताना’ बोटीने २९ ऑगस्ट १९३१ला मुंबईहून निघाले आणि १२ सप्टेंबरला लंडनला पोहोचले. चौदा दिवस. इथे नवी बोट अधिक वेगवान होती हे खरंच, पण आणखी एक फरक होता. या वेळी गांधीजी मार्सेयला उतरले आणि फ्रान्स ओलांडून आगगाडीने पुढे गेले. स्पेनला घालायचा समुद्री वळसा त्यामुळे टळला.

मार्सेय म्हटलं की मराठी माणसाला दुसरीच उडी आठवते. विनायक दामोदर सावरकरांना घेऊन ‘मोरिया’ बोट १ जुलै १९१० रोजी लंडनहून निघाली. ८ जुलैला मार्सेयच्या बंदरात त्यांनी समुद्रात उडी घेतली, पकडले गेले, आणि २२ जुलैला त्यांना मुंबईत उतरवलं. तीन आठवडे. फ्रान्सच्या भूमीवरून परत नेलेल्या सावरकरांना फ्रान्सकडे सोपवायला हवं का, हा खटला हेगच्या आंतरराष्ट्रीय लवादापुढे गेला. वाटेतलं बंदर हे दुसऱ्या कुणाचं तरी राज्य असतं. ही गोष्ट पुढे आकाशातही तितकीच खरी ठरली.

आकाशातला पहिला नियमित मार्ग ३० मार्च १९२९ रोजी सुरू झाला. इम्पीरियल एअरवेजची लंडन–कराची सेवा. जाहिरात होती सात दिवसांची. मार्ग पाहिला की हवाई प्रवास कशाला म्हणायचं असा प्रश्न पडतो. लंडनच्या क्रॉयडनहून बाझलपर्यंत विमान. युरोपातल्या देशांच्या तंट्यामुळे बाझल ते जेनोआ रात्रीची आगगाडी. जेनोआहून पाण्यावर उतरणारं विमान अलेक्झांड्रियापर्यंत. मग इजिप्तमधून दुसरं विमान गाझा, बगदाद, बसरा आणि इराणच्या किनाऱ्याने कराचीला. रात्री उडायची सोय नव्हती, त्यामुळे अंधार पडला की मुक्काम. इराणने आपल्या किनाऱ्यावरून जाण्याची परवानगी पुढे चालू ठेवली नाही, म्हणून ऑक्टोबर १९३२मध्ये हा मार्ग आखाताच्या दुसऱ्या, अरब बाजूला हलवावा लागला आणि शारजाच्या वाळूत एक नवा मुक्काम उभा राहिला. आज आखाती विमानतळांवर जगाची ये-जा चालते, तिच्या मुळाशी असलेल्या काही थांब्यांपैकी हा एक.

आणि त्याच महिन्यात, १५ ऑक्टोबर १९३२ला, जे. आर. डी. टाटा कराचीहून एका इंजिनाचं ‘पस मॉथ’ विमान घेऊन निघाले, अहमदाबादला इंधन भरलं आणि जुहूला उतरले. सोबत प्रवासी नव्हते, होती टपालाची थैली. लंडनहून आलेलं हवाई टपाल कराचीत उतरायचं. ते मुंबईपर्यंत आणायची ही जोड. अहमदाबादला इंधन पोहोचलं ते बैलगाडीतून. लंडनचं महाराष्ट्र मंडळही याच सालचं, हे योगायोगाने जुळून आलं आहे. तिथून लिहिलेलं पत्र गिरगावात आठवड्या-दीड आठवड्यात पडू लागलं, ते या साखळीमुळे.

याच मार्गावरचा १९३०चा एक प्रसंग सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. इंग्लंड आणि हिंदुस्थान यांच्यामधलं अंतर एकट्याने उडून पार करणाऱ्या पहिल्या भारतीयासाठी आगाखानांनी ५०० पौंडांचं बक्षीस लावलं होतं. जे. आर. डी. कराचीहून लंडनकडे निघाले होते आणि सतरा वर्षांचा अस्पी इंजिनियर उलट दिशेने, लंडनहून कराचीकडे. इजिप्तमध्ये अबुकिरच्या धावपट्टीवर दोघे भेटले. अस्पी तिथे अडकून पडला होता, कारण त्याच्याकडे जादा स्पार्क प्लग नव्हता. जे. आर. डीं.नी आपल्याकडचा दिला. अस्पी थोडक्या फरकाने आधी पोहोचला आणि बक्षीस त्याने जिंकलं. पुढे तो भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला. मला यातला स्पार्क प्लग महत्त्वाचा वाटतो. हजारो किलोमीटरच्या शर्यतीत निकाल लागला तो कोण किती जोरात उडालं यावर नव्हे, कोण कुठे किती वेळ अडकलं यावर.

स्वातंत्र्यानंतर दहा महिन्यांनी, ८ जून १९४८च्या रात्री, एअर इंडिया इंटरनॅशनलचं ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून लंडनला निघालं. लॉकहीड कॉन्स्टेलेशन जातीचं, चार पंख्यांचं विमान, ३५ प्रवासी, कप्तान के. आर. गझदर. कैरो आणि जिनिव्हा असे दोन थांबे. या मार्गाने अंतर जवळपास ७,९०० किलोमीटर होतं, आणि साधारण एक दिवस लागे. बोटीच्या चौदा दिवसांच्या जागी एक दिवस.

पण थांबा म्हणजे नुसता वेळ नव्हे. प्रत्येक थांब्याला विमान खाली आणायचं, ढगांतून, डोंगरांजवळून. जिनिव्हा आल्प्सच्या कुशीत आहे. हेच ‘मलबार प्रिन्सेस’ ३ नोव्हेंबर १९५० रोजी जिनिव्हाला उतरण्याआधी माँ ब्लाँवर आदळलं आणि ४८ जण गेले. त्यानंतर सोळाव्या वर्षी, २४ जानेवारी १९६६ला, बोइंग ७०७ ‘कांचनजंगा’ त्याच पर्वतावर कोसळलं. मुंबईहून दिल्ली, बैरूत, जिनिव्हा आणि मग लंडन असा त्याचा मार्ग होता. गेलेल्या ११७ जणांत डॉ. होमी भाभा होते. ते विमान मुंबईहून लंडनला थेट जाऊ शकत असतं तर जिनिव्हाला उतरायची वेळच आली नसती. अर्थात भाभांना व्हिएन्नाला जायचं होतं, त्यांना कुठे तरी विमान बदलावंच लागलं असतं. तरीही थांबा नसलेल्या विमानाची किंमत आपण फक्त तासांत मोजतो, तेव्हा ही दोन नावं विसरतो.

जेट विमानं १९६०मध्ये एअर इंडियाकडे आली. ७०७ ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास उडत असे. आजचं ड्रीमलायनर? तेही ९००च्या आसपासच. साठ-पासष्ट वर्षांत प्रवासी विमानाचा वेग वाढलेला नाही, हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटतं. ध्वनीच्या वेगाजवळ गेलं की हवेचा विरोध झपाट्याने वाढतो, आणि त्याला ओलांडायला लागणारं इंधन परवडत नाही. कॉन्कॉर्ड विमानाने ते करून दाखवलं. १९७६मध्ये लंडन–बहारीन आणि पुढे सिंगापूरपर्यंत ती धावली. पण आपल्या भूमीवरून ध्वनीपेक्षा वेगाने उडायला भारताने मनाई केली, कारण मागे उठणारा स्फोटासारखा आवाज खाली गावागावांवर पडला असता. सिंगापूरची सेवा काही वर्षांतच आटोपली आणि २००३मध्ये कॉन्कॉर्ड कायमची जमिनीवर आली. मला भारताचा तो निर्णय योग्य वाटतो. मूठभर प्रवाशांचे चार तास वाचवायला लाखोंच्या झोपा मोडायचं कारण नव्हतं.

वेग तोच राहिला, पण इंजिनं कमी इंधनात जास्त अंतर कापू लागली. थांबे गळत गेले. मुंबई–लंडन थेट झालं, आणि १ ऑगस्ट २००७पासून एअर इंडियाचं मुंबई–न्यूयॉर्कही. एवढीच प्रगती झाली, आणि ती लहान नाही.

आता सुरुवातीचा सव्वा तास. जमिनीपासून दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा एक अरुंद, जोरकस झोत वाहतो. त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. जपानचे हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२०च्या दशकात फुगे सोडून तो मोजला, आणि जगाने वाचावं म्हणून निष्कर्ष एस्परान्तो भाषेत छापले. जगाने ते वाचलेच नाहीत. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन बॉम्बफेकी विमानं जपानवर या झोतात सापडली, तेव्हा लोकांना तो कळला. हिवाळ्यात त्याची एक शाखा हिमालयाच्या दक्षिणेला, उत्तर भारतावर सरकते. म्हणून डिसेंबर-जानेवारीत लंडनला जाणारी विमानं जास्त वेळ घेतात.

गणित सोपं आहे. ७,२०० किलोमीटर, वेग ९००. समोरून ताशी १०० किलोमीटरचा वारा असेल तर जमिनीच्या हिशेबाने वेग ८००, आणि नऊ तास. तोच वारा पाठीशी आला तर वेग १,०००, आणि सव्वासात तासांच्या आत. एका वाऱ्याने पावणेदोन तासांचा फरक. फेब्रुवारी २०२०मध्ये वादळी वाऱ्यावर स्वार होऊन ब्रिटिश एअरवेजचं एक विमान न्यूयॉर्कहून पाच तासांच्या आत लंडनला पोहोचलं होतं. एरवी साडेसहा लागतात.

वाऱ्याची खरी करामत पाहायची तर दिल्ली–सॅन फ्रान्सिस्कोचं उदाहरण घ्यावं. दोन शहरांतलं सर्वांत जवळचं अंतर सुमारे १२,४०० किलोमीटर. २०१५मध्ये एअर इंडियाने थेट सेवा सुरू केली, तेव्हा विमान अटलांटिकवरून जायचं, सुमारे १३,९०० किलोमीटर, वाऱ्याच्या विरुद्ध. ऑक्टोबर २०१६मध्ये त्यांनी दिशाच उलटी केली. दिल्लीहून पूर्वेला, चीन-जपानवरून पॅसिफिक ओलांडून, १५,३०० किलोमीटर. अंतर चौदाशे किलोमीटरने वाढलं आणि वेळ दोनेक तासांनी घटून साडेचौदा तासांवर आला. लांबचा रस्ता लवकर पोहोचवतो, हे इथे शब्दशः घडलं. पुढे जानेवारी २०२१मध्ये कॅप्टन झोया अगरवाल, थन्मई पापागरी, आकांक्षा सोनावरे आणि शिवानी मन्हास या चौघींनी सॅन फ्रान्सिस्कोहून उत्तर ध्रुवावरून बंगळुरूला विमान आणलं. ते अंतर जवळपास १४,००० किलोमीटर. भारतीय विमान कंपनीने भारतात उतरवलेला तोवरचा हा सर्वांत लांबचा थेट पल्ला होता.

उड्डाणापूर्वी वैमानिकाच्या हाती जो फ्लाइट प्लॅन येतो, तो कधी पाहायला मिळाला तर नीट वाचावा. एकामागून एक बिंदूंची यादी असते, प्रत्येकाला पाच अक्षरांचं, उच्चारता येईल असं बनवलेलं नाव. पुढच्या रकान्यांत उंची, तिथला वारा, त्या बिंदूपर्यंतची मिनिटं आणि तिथे टाकीत किती इंधन उरलेलं असायला हवं तो आकडा. वैमानिक बिंदू ओलांडताना प्रत्यक्ष आकडा त्याशेजारी ताडून पाहतो. वर इंधनाचा ताळेबंद: प्रवासाचं, अनपेक्षित गोष्टींसाठीचं, लंडनला उतरता आलं नाही तर दुसऱ्या विमानतळापर्यंतचं, आणि शेवटी तीस मिनिटांचं, ज्याला हात लावायचा नाही. ड्रीमलायनर ताशी साधारण पाच टन इंधन पितं. अर्धा तास वाढला की अडीच टन जास्त, आणि ते अडीच टन वाहून न्यायलाही आणखी इंधन लागतं.

हा कागद रोज नवा होतो. वाऱ्यामुळे होतो, आणि सीमांमुळेही. प्रत्येक देश आपल्या हद्दीवरून जाऊ देण्याचे पैसे घेतो, आणि मनात आलं की दार लावतो. बालाकोटच्या हवाई हल्ल्यानंतर पाकिस्तानने २७ फेब्रुवारी २०१९पासून जुलैच्या मध्यापर्यंत हवाई हद्द बंद ठेवली. २ जुलैपर्यंत एकट्या एअर इंडियाचं ४९१ कोटींचं नुकसान झालं, असं सरकारने संसदेत सांगितलं. पहलगामच्या दहशतवादी हल्ल्यानंतर २४ एप्रिल २०२५ला ती पुन्हा बंद झाली. दिल्लीहून उत्तर अमेरिकेला थेट जाणाऱ्या काही विमानांना व्हिएन्ना किंवा कोपनहेगनला इंधनासाठी उतरावं लागू लागलं. दिल्ली–वॉशिंग्टन सेवा सप्टेंबरपासून थांबवली, त्यामागच्या कारणांत हेही एक होतं. मुंबईला याचा फटका कमी बसतो, कारण इथून विमान अरबी समुद्रावरून ओमानच्या बाजूने निघू शकतं. पण जून २०२५मध्ये इराणचं आकाश बंद झालं तेव्हा तीही वाट अडली आणि निघालेली विमानं माघारी फिरवावी लागली. २०२२पासून युरोपीय कंपन्यांना रशियावरून जाता येत नाही, त्यामुळे हेलसिंकी–टोकियो साडेनऊ तासांवरून तेरा तासांवर गेलं. दीडशे-दोनशे वर्षं खपून काढून टाकलेले थांबे आणि वळसे माणसं भांडून परत आणत आहेत, याचं मला मनापासून दुःख होतं.

आकाश मोकळं असलं तरी दोन्ही टोकांना रांग आहेच. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकीवरच काम चालतं. हीथ्रोवर गर्दी असली की विमान लंडनभोवतीच्या चार ठिकाणांपैकी एका ठिकाणी घिरट्या घालत वाट पाहतं. वेळापत्रकातला वेळ धरतात तो चाकांचे अडसर काढल्यापासून पुन्हा लावेपर्यंत. म्हणून आठ तासांचं गणित कागदावर साडेनऊ-दहा होतं. हीथ्रोवर रात्री साडेअकरा ते सकाळी सहा या वेळात विमानांवर कडक मर्यादा आहे, त्यामुळे आपल्याकडून बरीच विमानं मध्यरात्रीनंतर निघतात.

आणि इथून खरा प्रवास सुरू होतो, किंवा खरं तर त्याआधीच सुरू झालेला असतो. छत्रपती शिवाजी महाराज विमानतळाच्या टर्मिनल २वर रात्री अकरानंतर उभं राहावं. सातारा, सांगली, कोल्हापूर, नगरच्या पाट्यांच्या गाड्या एकामागून एक येत असतात. कोल्हापूरहून पावणेचारशे किलोमीटर. माणसं दुपारीच निघालेली असतात, घाटात अडकायला नको म्हणून. पुण्याच्या लोहगावची धावपट्टी अडीच किलोमीटरची आणि हवाई दलाची, तिथून इंधनाने पूर्ण भरलेलं मोठं विमान लंडनला उडू शकत नाही, म्हणून पुणेकरही याच रांगेत. मेट्रोचं स्टेशन टर्मिनलला जोडलेलं आहे, पण शेवटची गाडी साडेदहाच्या सुमाराची, आणि लंडन-अमेरिकेची गर्दी त्यानंतरची.

तिथे एका आजींच्या हातात मी प्लॅस्टिकची पारदर्शक फाइल पाहिली. आत पासपोर्टच्या मागे वहीचा एक कागद, ठळक मराठी अक्षरांत मुलाने लिहिलेला: दोहाला उतरल्यावर घाई करायची नाही, सगळे उतरू द्यायचे, व्हीलचेअर घेऊन माणूस येईल, त्याला हा कागद दाखवायचा, कागदाच्या खालच्या अर्ध्या भागात इंग्रजीत तीन वाक्यं, गोळी रात्री नऊची, पण घड्याळ बदलायचं नाही, विमानात विचारायचं. आजी सोबत आलेल्या पुतण्याला तिसऱ्यांदा विचारत होत्या, “मधे उतरायचंच का पण?” पुतण्या म्हणाला, “काकू, थेट विमानाचं तिकीट फार महाग पडत होतं.”

उलट दिशेचा हिशेब अधिक कठीण असतो. लंडनला मध्यरात्री फोन वाजतो, वडील गेल्याचा. मुलगा सकाळच्या थेट विमानात जागा मिळवतो. पावणेनऊ तास विमानात, त्याआधी तीन तास विमानतळ, उतरल्यावर तासभर, मग कऱ्हाडपर्यंत रात्रीचा रस्ता. फोनपासून घरापर्यंत चोवीस तासांच्या आसपास. त्यात विमान हवेत असतं जेमतेम आठ-साडेआठ तास. गावाकडे माणसं थांबतात, बर्फ आणतात, एकमेकांना विचारतात, कुठवर आलाय. १९३१मध्ये हा प्रश्नच नव्हता, कारण येणं शक्यच नव्हतं. आज शक्य आहे, म्हणून उरलेला प्रत्येक तास टोचतो.

हवेतले नऊ तास आता आणखी कमी होणार नाहीत. निदान आपल्या हयातीत मला तसं दिसत नाही. विमान जितक्या वेगाने परवडतं तितक्या वेगाने ते उडतंच आहे, आणि मुंबई–लंडनच्या मार्गावर काढण्याजोगा थांबा उरलेला नाही. जमिनीवरचे तास मात्र कमी होऊ शकतात: रात्री दोनपर्यंत चालणारी विमानतळाची मेट्रो, पुणे-कोल्हापूरहून थेट टर्मिनलपर्यंत भरवशाची बससेवा, आणि पुण्याला मोठं विमान झेपेल अशी धावपट्टी. यातली एकही गोष्ट विज्ञानकथेतली नाही; सरकारने मनावर घेतलं तर होणारी आहे, आणि तिची मागणी आपणच करायला हवी. तोवर, ज्यांच्या हातात परदेशातून तिकीट काढायचं काम आहे त्यांना एवढंच सांगणं: आई-वडील एकटे येणार असतील तर जमेल तितकं थेट विमानाचंच तिकीट काढा, आणि मधला थांबा टाळता येत नसेल तर सोबत कोणी मराठी बोलणारं आहे का, ते आधी विचारून घ्या.